आर कोड नीट लावा : दर एकदाच लिहा

व्हिडिओत आपण डहाणू-तलासरीच्या चिकू विक्रीचा हिशोब आरस्टुडिओत केला. आता तीच फाईल नीट लावूया.

आधी माझीच चूक सांगतो. पेटीचा खरेदी दर मी कोडमध्ये दोन ठिकाणी लिहिला होता. दर वाढला तेव्हा एका ठिकाणी बदलला, दुसरीकडे जुनाच राहिला. एरर काही आला नाही. फक्त नफा जास्त दिसला. त्याच भरवशावर मी जादा माल उचलला आणि अंगावर घेतला.

म्हणून या चार सवयी लावून घ्या (कळा विंडोजच्या आहेत) :

१. दर फाईलच्या सुरुवातीला एकदाच लिहा, त्याला नाव द्या. पुढे सगळीकडे ते नावच वापरा.

२. कंट्रोल+शिफ्ट+आर दाबून विभाग पाडा : दर, विक्री, खर्च, नफा. कंट्रोल+शिफ्ट+ओ दाबलं की बाजूला त्यांची यादी दिसते. नावावर क्लिक केलं की थेट तिथे पोहोचता.

३. कंट्रोल+ए दाबून सगळा कोड निवडा, मग कंट्रोल+आय दाबा. ओळी सरळ लागतात. एखादा कंस उघडा राहिला असेल तर खालच्या ओळी आत सरकलेल्या दिसतात.

४. दर बदलला की कंट्रोल+एफने जुना आकडा शोधा. सापडला, तर तो तिथे का आहे ते बघा.

नीट लावल्याने हिशोब आपोआप बरोबर होत नाही, पण चूक लपत नाही. माल उचलण्याआधी आजच जुनी फाईल उघडा आणि दर किती ठिकाणी लिहिलाय ते मोजा!