वर्षावासातील कंदीलपुष्प

आपल्या जिल्ह्याचे नाव घेतले की अवर्षण, ऊस आणि ज्वारीची शेते डोळ्यांसमोर येतात. परंतु जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडावर, पावसाळ्यात एक असे फूल उमलते जे महाराष्ट्राच्या सह्याद्रीबाहेर आढळत नाही. त्याचे शास्त्रीय नाव सेरोपेजिया लॉई. लॉ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ हूकर यांनी 1883 मध्ये ते दिले. या प्रजातीतील वनस्पतींना मराठीत कंदीलपुष्प किंवा खरपुडी म्हणतात.

कंदील हे नाव अगदी समर्पक आहे. खाली फुगीर, वर निमुळती नळी आणि तिच्या तोंडावर टोकांशी जुळलेल्या पाच पाकळ्या. गंधाने ओढलेली बारीक माशी आत उतरते. नळीतील केस खालच्या दिशेने वळलेले असल्याने तिला परत वर चढता येत नाही. तिला इजा मात्र होत नाही. काही काळाने केस सुकतात, वाट मोकळी होते आणि परागांचे पुंजके अंगावर घेऊन माशी दुसऱ्या फुलाकडे जाते. पुढे शेंगा तडकतात व रेशमी शेपटीचे बी वाऱ्यावर उडते. रुईचे बी आपण सर्वांनी फुंकले आहे. ही वनस्पती तिचीच नातलग.

पाऊस सरला की खोड वाळते आणि जीव जमिनीतील कंदात राहतो. खरपुडीचे कंद गुराखी आवडीने खातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, ती रानातील जुनी शिदोरी आहे. परंतु कंद गेला की झाड गेले, आणि जेथे मुळातच मोजकी झाडे उरली आहेत तेथे एकेक कंद मोलाचा ठरतो. छायाचित्रासाठी पायवाट सोडून गवतात शिरणाऱ्यांचे पाय तर अगदी फुलण्याच्या दिवसांतच तेथे पडतात.

हे दिवस वर्षावासाचे आहेत. भिक्खू पावसाळ्यात फिरताना हिरवे गवत तुडवतात, सूक्ष्म जीव मारतात, अशी तक्रार लोकांनी केली आणि भगवान बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयपिटकातील महावग्गात आले आहे. वनस्पती तोडणे हाही भिक्खूंसाठी पाचित्तिय दोष आहे. आमच्या विद्यार्थ्यांना वर्षावास आम्ही धम्मश्रवणाचा काळ म्हणून शिकवतो. त्यामागील हे गवताचे कारण बहुधा सांगायचे राहते.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण श्रावण-भाद्रपदात गडावर जातात. त्यांनी मुलांना कंदीलपुष्प अवश्य दाखवावे, पण पायवाटेवरूनच. आणि ते नेमके कोठे दिसले, हे सर्वांना सांगत फिरू नये.