ऑपरेशननंतरचा आकडा

मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषांना प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. उतारवयात ती वाढते. पुष्कळांची वाढ साधी असते. काहींना तेथे कॅन्सर होतो. आमच्या ग्रंथीत कॅन्सर निघाला, म्हणून ती सगळीच काढावी लागली.

तळोद्याला घरी आलो तेव्हा लघवीची नळी लावलेली होती. पिशवी कमरेच्या खाली ठेवायची, एवढे सांभाळले. दहा दिवसांनी नळी निघाली आणि खरी फजिती पुढेच झाली. खोकला आला की पायजमा ओला! लाजेने आम्ही पारावर जाणे सोडले. तसे करायला नको होते. असे बहुतेकांना होते. काही आठवड्यांत, काहींचे काही महिन्यांत, कमी होते. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते दिवसातून बरेचदा आवळावे आणि सोडावे. दीड महिना जड उचलू नये. मिरचीचे पोते शेजाऱ्याने उचलले तर काही बिघडत नाही. ताप आला, लघवी अडली किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर लगेच दवाखाना गाठावा.

आता रक्ताच्या तपासणीचे सांगतो. तिला पीएसए म्हणतात. हे द्रव्य प्रोस्टेट तयार करते व ते रक्तात उतरते. ग्रंथीच काढली, तर ते जवळजवळ नाहीसे व्हायला हवे. विहीर बुजवल्यावरही ओल दिसू लागली, तर झरा कोठे तरी उरला आहे. पहिली तपासणी दीड ते तीन महिन्यांत होते. पुढे डॉक्टर सांगतील तशी.

कागदावरचा आकडा वाचताना टिंबाकडे नीट पाहा. ०.०२ म्हणजे रुपयातले दोन पैसे. ०.२ म्हणजे वीस पैसे. दहापट फरक! ०.२ किंवा जास्त आकडा पुन्हा तपासूनही आला, तर कॅन्सर परतला असे डॉक्टर धरतात. तेव्हा माणसाला बहुधा काहीच दुखत नसते. पण आकडा लहान असतानाच किरणांचे उपचार जास्त गुण देतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ते होतात. १९४१ पासून तेथे कॅन्सरवर इलाज चालतो.

ज्यांची साधी वाढ आतून खरवडून काढली, त्यांची ग्रंथी थोडी शिल्लक असते. त्यांना हा हिशेब लागू नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही एक तपासणी चुकवली. तब्येत ठणठणीत, पैसे कशाला घालवायचे? मग मुलगा रागावला, तेव्हा गेलो. कागद हाती येईपर्यंत दोन रात्री झोप नव्हती. आकडा ०.०४ होता. आता सगळे कागद तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवतो. प्रयोगशाळा शक्यतो तीच धरतो. यंत्र बदलले की आकडाही थोडा बदलतो.