पलंगास खिळलेल्या रुग्णाचें सुख कसें मोजावें?

मांडीचें हाड मोडलें असतां पूर्वीं रुग्णास आठवडेच्या आठवडे उताणें निजवीत व पायास वजन बांधून तो ताणून ठेवीत. नाहीं तर मोडलेलीं टोकें एकमेकांवर चढत. आतां बहुधा शस्त्रक्रिया करून आंत सळई बसवितात व रुग्णास लवकर उठवितात. तरी कांहींच्या वांट्यास हा स्थिरवास अजून येतोच. मॅथिजसेन नांवाच्या डच लष्करी वैद्यानें १८५२ सालीं प्लॅस्टरच्या पट्टीची कृति प्रसिद्ध केली, तेव्हांपासून हाड अचल ठेवणें सोपें झालें. मात्र हाडाबरोबर हाडाचा धनीहि अचल होतो, आणि त्याच्याविषयींच येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

हाड जुळत आहे कीं नाहीं, हें क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतें. ज्वर तापमापक सांगतो. निजलेल्या मनुष्यास स्वस्थता आहे कीं नाहीं, हें सांगणारें यंत्र मात्र कोठेंहि नाहीं. सिस्टर विचारतात, "काय आजोबा, बरें आहे ना?" आजोबा म्हणतात, "हो सिस्टर, बरें आहे." हें उत्तर खोटें नव्हे, तें भिडेचें आहे. ह्या भिडेची किंमत मोठी असते. शौचपात्र मागण्याची लाज वाटते म्हणून कित्येक रुग्ण पाणी पिणेंच कमी करितात. मग मलावरोध होतो, मूत्रविकार जडतात. पाय सुधारत असतो आणि प्रकृति बिघडत असते, व पत्रकावर "बरें आहे" एवढीच नोंद!

म्हणून "बरें" ह्या एका शब्दाचे तुकडे करून विचारणें प्राप्त होतें. अमेरिकेंतील कॅथरिन कोल्काबा ह्या परिचारिकेनें हें काम केलें व १९९२ सालीं त्यासाठीं एक प्रश्नावलि प्रसिद्ध केली. इंग्रजी "कंफर्ट" ह्या शब्दाच्या मुळाशीं लॅटिन भाषेंतील "बळ देणें" हा अर्थ आहे, हें त्यांनीं ध्यानांत घेतलें. त्यांच्या मतें रुग्णाचें सुख तीन प्रकारचें: एखादें दुःख हटल्यानें मिळणारा उतार, देहाची व मनाची स्वस्थता, आणि दुःख कायम असतांहि त्यावर मात करण्याचें बळ. हे तिन्ही प्रकार देह, मन, आप्तसंबंध व परिसर ह्या चार अंगांनीं पाहिले म्हणजे बारा घरें होतात. टाचेचा ठणका देहाकडे मोडतो. रात्रीं डोळ्यांवर येणारा दिवा परिसराकडे. आपण मुलांवर ओझें झालों ही बोचणी आप्तसंबंधांकडे. मला तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण दुखणें पूर्ण थांबविणें पुष्कळदां कोणाच्याच हातीं नसतें.

अचल रुग्णांकरितां ह्याच पद्धतीची वेगळी प्रश्नावलि आहे. तिची तुर्की आवृत्ति पारखून २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. अशा प्रश्नावलींत प्रश्न नसून वाक्यें असतात. उदाहरणार्थ, "मला लागणारी वस्तु हाताशीं असते," असें एखादें. रुग्णानें "मुळींच पटत नाहीं" पासून "पूर्ण पटतें" पर्यंतची एक पायरी सांगावयाची. ही रीत लिकर्ट यांनीं १९३२ सालीं मांडली. कांहीं वाक्यें मुद्दाम उलट घालतात, जसें, "मला फार एकटें वाटतें." पायऱ्या सहा असल्या तर अशा वाक्याचा अंक सातांतून वजा करावा, रुग्णानें ६ सांगितले तर १ धरावा. भिडेनें सरसकट "हो" म्हणणारा येथें सांपडतो. शेवटच्या बेरजेपेक्षां कोणत्या घरांत अंक उणा पडला, हें पाहण्यांत अधिक लाभ आहे. कारण उपाय तेथेंच करावयाचा असतो.

मराठींत हीं वाक्यें शब्दशः आणून भागणार नाहीं. सुख, आराम, धीर, हायसें वाटणें, ह्यांपैकीं कोठें कोणता शब्द योजावा? यास्तव अशा प्रश्नावलीचें भाषांतर दुसऱ्याकडून पुन्हां मूळ भाषेंत करवून तें ताडून पाहतात, व मग रुग्णांस विचारून पारखतात.

एक सावधगिरी मात्र पालकांनीं अवश्य बाळगावी. प्लॅस्टरमधील वेदना एकाएकीं वाढली, बोटें हलवितांना कळ असह्य झाली, किंवा तीं बधिर, फिकीं वा थंड पडलीं, तर अंक मांडीत न बसतां त्याच क्षणीं डॉक्टरांस बोलवावें. आंतील दाबानें रक्तप्रवाह अडून स्नायु निकामी होण्याचें भय असतें. एरवीं घरीं असा रुग्ण असल्यास शाळेंतून आलेल्या नातवानेंहि "बरें आहे ना?" असें न विचारतां, "आजोबा, पाणी शेवटचें केव्हां प्यालांत?" असें विचारावें.