तरुणपणी स्तनाचा कर्करोग : उपचार अर्ध्यावर सोडू नका



असोदा परिसरात विहारातल्या बैठकीत आम्ही स्तनातल्या गाठीचा विषय काढला की तरुण सुना मागे सरकतात. हा आजार म्हाताऱ्या बायांचा, असा समज. तो तिशी-चाळिशीतही होतो. "दुधाची गाठ असेल", "कापूस वेचणी आटोपू द्या, मग दाखवू" यात महिने जातात. बहुतेक गाठी साध्या असतात हे खरे. पण ते सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीने ठरते. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 1998 पासून 20 वर्षे सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या महिलांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठराविक काळाने हाताने तपासले. आजार लवकर सापडू लागला, पन्नाशीपुढच्या महिलांचे मृत्यू सुमारे 30 टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तशी घट दिसली नाही. म्हणून तरुण बहिणीने शिबिराची वाट पाहू नये. गाठ, कातडीला खळी, स्तनाग्रातून रक्त, काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवावे.

खरी कसोटी निदानानंतर लागते. केमोच्या दोन-तीन फेऱ्यांत गाठ लहान होते, बरे वाटते, आणि बाई घरी बसते. गाठ हाताला लागत नाही म्हणजे आजार गेला असे नव्हे. ऑपरेशन, शेक आणि कुणाकुणाला 5 ते 10 वर्षांची गोळी लागते. केस परत येतात. केमो चालू असताना 100.4 च्या वर ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. अजून मूल हवे असेल तर केमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा. नंतर सांगून उपयोग कमी. उपचारात दिवस राहू देऊ नका, पण त्यासाठी पाळणा लांबवण्याच्या हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, तांबी चालते. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला कापसाच्या बोंडाचा ओरखडाही साबणाने धुवा, सूज आली तर दाखवा.

घरात मात्र वेगळे ताट मांडले जाते, "मागच्या जन्मीचे पाप" ऐकवले जाते. हा आजार शिवल्याने लागत नाही. आणि मागच्या जन्मीच्या कर्माची ही शिकवण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नाकारलेली आहे. वर्षावासात तो ग्रंथ वाचणाऱ्या घरातून असे बोल निघावेत, याचा आम्हाला राग येतो.

खर्चाचे म्हणाल, तर रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. मुंबईला जायचे झाल्यास रेल्वेत स्लीपरने रुग्णाला तिकीट माफ असते, सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत. मुक्कामाला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. रेल्वेच्या सवलतीच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही आणि शिक्का आधीच घेऊन ठेवा.