सराव सामन्यात पाहायचं काय?

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत फीनिक्सला असतो. मार्चमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. तिथं तो आम्हाला बेसबॉलच्या सामन्याला नेणार आहे. पण सामना म्हणे सरावाचा, त्यातली हारजीत कुठंच धरत नाहीत. शिवाय त्याचा स्वतःचा एक ‘फँटसी’ संघ आहे आणि त्यासाठी तो सामन्याला वही घेऊन बसतो. ज्या सामन्याचा निकाल धरायचाच नाही, तो तिकीट काढून का पाहायचा? आणि वहीत लिहायचं तरी काय?
— एक वाचक, भैरवगढ, उज्जैन

उत्तर : आधी मुलाच्या संघाचा उलगडा करू. हा संघ कागदावरचा असतो. आठ-दहा मित्र जमतात, खऱ्या खेळाडूंचा आपापसांत लिलाव करतात किंवा आळीपाळीनं त्यांची निवड करतात. मग प्रत्यक्ष हंगामात ते खेळाडू जशी कामगिरी करतील, तसे मित्रांना गुण मिळतात. या खेळाला आजचं रूप 1980 मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकानं आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये दिलं. पुढं रूढ झालेल्या नियमांनुसार प्रत्येकानं 260 डॉलरच्या मर्यादेत 23 खेळाडू घ्यायचे असतात. आपल्याकडं ‘ड्रीम11’मुळं हा प्रकार घरोघरी पोचला, पण त्याबरोबर एक गैरसमजही आला : फँटसी म्हणजे पैशांचा जुगार. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात 2025 च्या कायद्यानं बंदी आली, ही गोष्ट खरी. पण मित्रांमध्ये हंगामभर चालणारी ही स्पर्धा एक पैसाही न लावता खेळता येते, आणि तिच्यातली खरी चुरस अभ्यासाची असते.

बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. त्याआधी, फेब्रुवारीच्या मध्यापासून, तीसही संघ उबदार हवेच्या शोधात निघतात. पंधरा फ्लोरिडात जातात आणि पंधरा ॲरिझोनात, म्हणजे तुमच्या मुलाच्या अंगणात. फीनिक्सच्या आसपासच दहा मैदानं आहेत. फँटसीची निवड बहुतेक मित्रमंडळी मार्चमध्येच उरकतात. म्हणजे या दिवसांत मुलगा मैदानावर जातो तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जावं तसा.

आता निकालाची गोष्ट. क्रिकेटच्या विश्वचषकाआधीच्या सराव सामन्यांत कर्णधार पंधराही खेळाडू आलटूनपालटून वापरतो, हे आपण पाहिलेलं आहे. इथं तेच आणखी मोकळेपणानं चालतं. मुख्य फलंदाज दोन-तीनदा खेळतो आणि निघून जातो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सुरुवातीला एक-दोन इनिंगच (बेसबॉलचे छोटे डाव) टाकतो. हात हळूहळू तापवत महिनाअखेरीस पाच-सहा इनिंगपर्यंत पोचतो. उत्तरार्धात पाठीवर ऐंशी-नव्वदचे आकडे असलेली तरुण मुलं उतरतात. त्यातली बरीचशी महिनाभरानं खालच्या श्रेणीत परततात. तेव्हा नवव्या इनिंगमध्ये कोण जिंकलं, यावरून कोणत्याच संघाची पारख होत नाही.

आकडेही फसवतात, आणि नव्या फँटसीवाल्याची गाडी नेमकी इथं घसरते. इंदूरचं होळकर स्टेडियम तुमच्यापासून जवळ आहे, म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ. 22 डिसेंबर 2017 ला रोहित शर्मानं श्रीलंकेविरुद्ध तिथं 35 चेंडूंत शतक ठोकलं. खेळी अफाटच होती. पण सीमारेषा जवळ असलेल्या त्या मैदानावरच्या धावा मोठ्या मैदानावर जशाच्या तशा धरता येत नाहीत, हे तिथला नेहमीचा प्रेक्षक जाणतो. ॲरिझोनाची वाळवंटी हवा कोरडी, त्यामुळं उंच मारलेला चेंडू लांब जातो आणि फलंदाजांचे आकडे फुगतात. उलट एखादा नावाजलेला पिचर मार खात असेल, तर तो नवा शिकलेला चेंडूच पुन्हा पुन्हा टाकून पाहत असण्याची शक्यता असते. त्याला त्या दिवशी फलंदाजाला बाद करायचं नसतं, चेंडू घटवायचा असतो.

आकडे खरे असले तरी त्यांनी जागा मिळतेच असं नाही. शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटनं 2015 च्या सराव हंगामात नऊ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले, सगळ्यांपेक्षा जास्त. तरी संघानं त्याला खालच्या श्रेणीत पाठवलं. कारण त्याच्या बॅटमध्ये नव्हतं, करारात होतं : उशिरा बोलावलं, तर खेळाडू संघाच्या ताब्यात एक वर्ष जास्त राहतो. 17 एप्रिलला तो मुख्य संघात आला आणि त्या वर्षी आपल्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. ज्यांनी धीर धरून त्याला फँटसी संघात राखलं, त्यांच्या धीराचं चीज झालं.

मग वहीत काय लिहायचं? मी स्वतः फलंदाजांच्या क्रमाला सर्वांत जास्त महत्त्व देतो. एखादा तरुण मुख्य खेळाडूंच्या सामन्यात पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर येत असेल, तर प्रशिक्षकानं त्याच्यासाठी काही तरी योजलेलं आहे आणि त्याला हंगामात बॅट हाती घ्यायची संधी अधिक मिळेल. त्यानंतर पिचरचा वेग. मैदानातल्या फलकावर तो बहुधा दिसतो. गेल्या वर्षी ताशी दीडशे किलोमीटरनं टाकणारा महिनाअखेरीसही पाच-सहा किलोमीटर मागे असेल, तर दुखापतीची शंका घ्यावी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मात्र तसं असणं स्वाभाविकच. आजारपणातून उठलेला खेळाडू धाव काढायला पळताना पाय आखडता घेतो का, चेंडू फेकताना खांदा झटकतो का, हे टीव्हीवर क्वचित कळतं. तिकिटाचे पैसे वसूल होतात ते इथं.

तुम्हा दोघांना यातलं काही कळलं नाही तरी दुपार छान जाईल. बऱ्याच मैदानांत कुंपणापलीकडं गवताचा उतार असतो, तिथं सतरंजी टाकून बसता येतं. फक्त टोप्या न्या, मार्चमध्येही तिथलं ऊन चांगलंच लागतं. आणि मुलाला एक आठवण करा. एकच संघ कधी कधी दोन तुकड्या करून त्याच दिवशी दोन ठिकाणी खेळतो, आणि अनुभवी खेळाडू परक्या मैदानावर जायचं बहुधा टाळतात. तेव्हा आवडता खेळाडू पाहायचा असेल, तर त्याच्या संघाच्या स्वतःच्या मैदानावरच्या सामन्याचं तिकीट काढा आणि सामना सुरू व्हायच्या आधी पोचा. तो तिसऱ्या-चौथ्या इनिंगनंतर मैदानावर असेलच असं नाही.