गाजरगवताची खाज
प्रश्न : उसातले गाजरगवत उपटल्यावर मान, पापण्या खाजतात. उपाय काय? – एक वाचक, इंदापूर

उत्तर : गाजरगवतातील पार्थेनिन हे द्रव्य या ॲलर्जीचे मुख्य कारण. १९५५च्या सुमारास पुण्यात नोंदले गेलेले हे तण आज बारामती-इंदापुरात बांधांवर, कालव्याकाठी सर्रास दिसते. वाळलेल्या झाडाचा भुगा हवेत उडतो. त्यामुळे गवताला हात न लावताही पुरळ उठते. अंग लगेच साबणाने धुवावे, कपडे बदलावेत. त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइड मलम ठरावीक दिवसांसाठी देतात. दुकानातून आणलेले तीव्र मलम चेहऱ्यावर चोळणे मात्र खाजेपेक्षा महागात पडते. फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून तण मुळासकट उपटावे. मेक्सिकन भुंगेरे पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतात. ॲलर्जी जडलेल्याने खुरपणीपासून दूरच राहावे.