घरी भरलेलं काडतूस

मका दुधात आला की कन्नडच्या डोंगरपट्ट्यात शेतकऱ्याला झोप नसते. गौताळ्याच्या बाजूनं रानडुकरं उतरतात, खातात थोडं आणि लोळून नासवतात फार. रोह्यांचा त्रास वेगळाच. अशा दिवसांत ज्याच्या घरी वडिलोपार्जित बंदूक आहे त्याच्याकडे सगळं गाव आशेनं बघतं. आमच्याकडे वडिलांची .३१५ बोरची रायफल आहे. ती रीतसर माझ्या नावावर झाली तेव्हापासून एकच रड आहे, काडतुसांची. दुकानात कधी असतात, कधी नसतात, आणि असली तरी भाव ऐकून माणूस चार घेण्याऐवजी दोनच घेतो.

पुतण्या टेक्सासला असतो. तिकडे हरणाच्या शिकारीला जाणारे बरेच जण काडतुसं घरीच भरतात. सुट्टीला आला की त्याचं सुरू होतं, "काका, झाडलेली पितळी पुंगळी फेकायची नसते. नवी टोपी बसवायची, दारू तोलायची, वर गोळी दाबायची. कारखान्याच्या मालापेक्षा नेम पक्का." त्याचं म्हणणं खोटं नाही. प्रत्येक रायफलीच्या नळीचा स्वभाव वेगळा असतो. दारूचं वजन आणि गोळीची खोली तिच्या कलानं ठरवली आणि सगळी काडतुसं सारखी निघाली, तर गोळ्या एकमेकींच्या जवळ लागतात. एक छोटा प्रेस पाठवून देतो म्हणाला. मी नको म्हटलं, आणि का, ते परवानाधारक भावांसाठी लिहितो आहे.

तिकडे दारू ग्रेनमध्ये तोलतात. जुन्या तोळ्यात १८० ग्रेन आणि ९६ गुंजा, म्हणजे गुंजेला जवळपास दोन ग्रेन. रायफलीचं काडतूस आधीच पुरतं भरलेलं असेल, तर गुंजभर दारू जास्त पडल्यानंही दाब धोक्याच्या पलीकडे जाऊ शकतो, आणि बोल्ट असतो गालाला लागून. पुतण्याकडे त्यासाठी तोललेले तक्ते असतात, दारूच्या डब्यावर कंपनीचं नाव आणि जात छापलेली असते. इथे चोरून मिळणाऱ्या पुडीवर काय लिहिलेलं असतं?

आपला हात तर ठासणीच्या बंदुकीवर बसलेला. अंदाजानं दारू ओतायची, चिंधी घालायची, छर्रे टाकायचे, गज मारायचा. काळी दारू हा अंदाज पुष्कळदा खपवून घेते. बिनधुराची दारू घेत नाही. आमच्या शिवारातल्या एकानं काडतुसं फोडून निघालेली बिनधुराची दारू ठासणीत नेहमीच्याच मापानं भरली. ती बंदूक मी नंतर पाहिली. टोपीच्या छिद्रापाशी नळी उभी फाटून बाहेर वळली होती आणि दस्त्याचं लाकूड तिथून पुढे राहिलंच नव्हतं. त्याच्या चिपा डॉक्टरनं तळहातातून काढल्या. दोन बोटं गेली ती गेलीच. पट्टी बांधून होते न होते तोच हवालदार दारात.

कायद्याकडे आपण फारसं बघत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग तर आहेतच, काडतुसं बनवायचं यंत्रसुद्धा आहे. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस भरायचा परवाना नव्हे. तो वेगळा असतो, कलम ५ खालचा, आणि त्याशिवाय बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. शिवाय आपण अभयारण्याच्या शेजारी. हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वनखात्याकडे नाव नोंदवायचं असतं, हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आहे. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ चं आहे, तरी ही नोंद केली का असं विचारलं की निम्मे लोक तोंडाकडे बघतात.

मग नेम सुधारायचा कसा? ऑलिंपिकला जाणारे नेमबाजही काडतुसं भरत बसत नाहीत. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसहून कांस्यपदक आणलं त्या ५० मीटरच्या प्रकारातलं .२२ चं काडतूस घरी भरायच्या जातीचंच नाही. हे खेळाडू कारखान्याचे वेगवेगळे लॉट झाडून बघतात आणि रायफलीला मानवला तो लॉट घेतात. आपल्यालाही एवढं जमतं. खोक्यावरचा लॉट नंबर बघून एकाच लॉटची काडतुसं घ्यावीत, पावसाळ्यात ती कोरड्या डब्यात ठेवावीत, नळी पुसावी, साईट रायफल क्लबच्या रेंजवर आधी विचारून लावून घ्यावी. हिरवट डाग पडलेली, चेपलेली काडतुसं बाजूला काढून दुकानदाराला दाखवावीत.

घोडा पडला आणि आवाज आला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा-एक मिनिट थांबा. लगेच बोल्ट ओढू नका, काडतूस उशिरानंही पेटतं. नेहमीपेक्षा फुसका आवाज आला तर त्याहून सावध व्हा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली की नळी फुटते. रिकामी करून आरपार उजेड दिसतो का ते बघितल्याशिवाय पुढचं काडतूस घालायचं नाही.

पिकासाठी बंदूक आहे म्हणून डुक्कर मारता येतं, हा समज आपल्याकडे सगळ्यात पक्का. त्याला वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि अभयारण्यात तर बंदूक घेऊन पाय ठेवायचा नाही. रात्री बॅटरीत चमकलेल्या डोळ्यांवर गोळी झाडणारे मला ठाऊक आहेत. ज्या औट्रमच्या नावानं आपला घाट ओळखला जातो तो वाघांचा नामांकित शिकारी होता, पण तो काळ गेला. २०२१ मध्ये टिपेश्वरकडून चालत आलेला वाघ याच रानात कॅमेऱ्यात आला. डोळे कुणाचे आहेत हे अंधारात कसं कळणार? पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवणारे तर डुकराआधी शेजाऱ्याच्या गाईचा जबडा उडवतात. त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. सातबारा आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आधीच काढून ठेवा. पंचनामा होईपर्यंत आडवा पडलेला मका उचलू नका, जनावरांना टाकू नका, आणि चिखलातले खूर पुसले जाण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.